वहिनीने हात सोडला

माझी वहिनी पडदे शिवते. सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी, दुकानांपुढची ताडपत्रीची छपरं, जे काही लांबलचक आणि सरळ शिवायचं असेल ते सगळं तिच्याकडे येतं. कपड्यांना मात्र ती हात लावत नाही. माणसं जाड-बारीक होतात, खिडक्या होत नाहीत, असं तिचं म्हणणं. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर तिची खोली आहे. तिच्यात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. उरलेली सगळी जागा माझ्या भावाची काळजी करण्यासाठी राखून ठेवलेली.

हे मी उगीच म्हणत नाही. दादा फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो, दिवसभर गिऱ्हाइकांकडे असतो. त्याला तिचे फोन चालूच. जेवलात का, पाणी प्यायलात का, शिडीवर चढलात तेव्हा खाली कोणी धरलं होतं का. मासे असले की ती त्याच्या ताटातले काटे काढून द्यायची, पन्नाशी उलटलेल्या बाप्याला. मी एकदा न राहवून म्हटलं, "वहिनी, आता चावूनही देत जा." ती शांतपणे म्हणाली, "दात पडले की देईन, वन्सं." वन्सं ती मला चिडवायलाच म्हणते. वरून नणंदेचा मान आणि आतून चिमटा.

मी चष्म्यांचं दुकान चालवते. लग्न केलं नाही, जीभ तिखट आहे, आणि बोलायला हक्काचं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे वहिनी. मला ती आवडायची नाही असं नव्हतं, पण माझ्या भावाचा तिने पार लोण्याचा गोळा करून टाकलाय, ही माझी जुनी तक्रार होती. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी बंदराच्या धक्क्यावर उभं राहून मी जे पाहिलं ते याच बाईने केलं.

दादाला होडीचं वेड लागलं ते उतारवयात. त्याने कुठूनशी दोन माणसांची जुनी कयाक आणली, म्हणजे पुढे एक, मागे एक असं बसून वल्हवायची लांब, अरुंद होडी. माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती महिनोन्‌महिने उताणी पडून होती. तिला त्याने डोलकाठी बसवली. शीड वहिनीने शिवलं, पडद्यांच्याच मशिनवर, दुहेरी टिपेने. एवढ्या अरुंद होडीला शीड लावलं की ती पहिल्याच वाऱ्याला आडवी होणार, म्हणून दादाने तिला दोन्ही बाजूंना उलांड्या केल्या. उलांडी म्हणजे आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला लांबट पोकळ तरंगा. होडी डावीकडे कलू लागली की डावा तरंगा तिला सावरतो, उजवीकडे कलली की उजवा. मधल्या जागेत त्याने जाळी ताणली आणि आम्हाला दोघींना बोलावून दाखवली.

"ही उलटणं शक्यच नाही," तो म्हणाला.

"आणि उलटली तर?" वहिनीने विचारलं.

मी हसले. दादा हसला नाही. मेकॅनिक माणूस, बंद पडणार नाही असं यंत्र त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. दोनचार दिवसांनी एका संध्याकाळी तो म्हणाला की उलटली तर पंचाईत आहे. साधी होडी उलटली तर ढकलून सरळ करता येते. हिला दोन्हीकडे तरंगे. ज्या तरंग्यांमुळे ती सरळ असताना उलटत नाही, त्याच तरंग्यांमुळे उलटी असताना सरळ होणार नाही. उलटीसुद्धा तितकीच भक्कम बसून राहील.

मग त्याने त्यावर इलाज काढला. प्रत्येक उलांडीच्या दांड्याला एक खीळ बसवली. खीळ ओढली की ती उलांडी दुमडून होडीच्या अंगाला चिकटते. आता होडीला एकाच बाजूला आधार उरला. दुसऱ्या उलांडीला बांधलेला दोर होडीच्या पोटावरून आपल्याकडे घ्यायचा, दुमडलेल्या बाजूवर उभं राहायचं आणि सगळं वजन मागे टाकून खेचायचं. पलीकडची उलांडी पाण्यातून वर उठते, डोक्यावरून येते आणि होडी सरळ. वाऱ्याकडची उलांडी उचलायची, कारण एकदा ती पाण्याबाहेर निघाली की पुढचं काम वारा करतो.

दर रविवारी ही दोघं गावाबाहेरच्या तलावावर जाऊन मुद्दाम होडी उलटी करायची. म्हणजे उलटी वहिनी करायची, सरळही वहिनीच करायची. दादा काठावर घडीच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचा. मी एकदाच गेले होते, सँडविच घेऊन. वहिनी पाण्यात, केस तोंडावर, दोराला लटकलेली, आणि आमचे बंधू काठावरून सूचना देतायत. मला पाहून तिने हात हलवला, तर हा ओरडला, "लक्ष होडीकडे. आधी होडी. होडी गेली तर सगळं गेलं."

"आणि तुम्ही पाण्यात असलात तर?" ती धापा टाकत म्हणाली.

"तरी आधी होडी. माझ्या अंगात जॅकेट असेल, मी तरंगतो. होडी वाऱ्याबरोबर पळते, माणूस पळत नाही. तू माझ्याजवळ थांबलीस तर दोघं तरंगत बसू, सापडेपर्यंत."

"बरं," वहिनी म्हणाली आणि पुन्हा पाण्यात शिरली. तिचं हे बरं मी आयुष्यभर ऐकत आले होते. ती कशालाही बरं म्हणते, असंच मी समजत होते.

समुद्रावर ती दोघं पहिल्यांदा एकटी गेली त्या दिवशी दादाने मला धक्क्यावर यायला सांगितलं होतं. सकाळी पाणी अगदी शांत होतं. खाडीच्या तोंडापर्यंत जायचं, तिथल्या तरंगत्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. मी दुकानातली दुर्बीण घेऊन गेले. धक्क्याच्या टोकाला मासेमारीचं आमिष विकणाऱ्याची टपरी आहे, तिच्या सावलीत उभी राहिले. ती दोघं पिंपाला वळसा घालून परत फिरली तोवर वारा उठला होता. उठला म्हणजे बघता बघता उठला. पाण्याचा रंग बदलला, लाटांना पांढरी टोकं आली आणि टपरीचा पत्रा खडखडायला लागला. आमिषवाला बाहेर येऊन डोळ्यांवर हात धरून पाहू लागला.

तरीही होडी छान येत होती. शीड भरलेलं, उलांडी पाणी कापतेय, पुढे वहिनी, मागे दादा. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मी दुर्बीण गळ्यात सोडली आणि दोन्ही हात वर करून हलवले.

आता हे दोन हातांचं सांगायला हवं. आमचे बाबा गोदीत क्रेन चालवायचे. शाळेतून येताना आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे राहून त्यांना हात करायचो. पण क्रेनवाल्याला खालून कोणी एक हात वर केला तर त्याचा अर्थ थांब असा होतो. एकदा आमच्यामुळे बाबांनी भरलेलं ओझं अर्ध्यात थांबवलं आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून घरात ठरलं, हात करायचा तर दोन्ही. आजही आम्हा भावंडांना कोणी एका हाताने टाटा केलं की चुकल्यासारखं वाटतं.

शिडाचा दोर हातातच धरायचा असतो, कधीही बांधायचा नसतो, हे दादा वहिनीला बजावून बजावून थकला होता. वाऱ्याचा झोत आला की दोर सैल सोडायचा, शीड रिकामं होतं आणि होडी सावरते. मी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली तेव्हा दादा खाली वाकून काहीतरी करत होता. मग तो सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात वर केले. दोर त्याने कडीला बांधला होता, मला हात करण्यासाठी.

झोत त्याच वेळी आला. शीड टरारून फुगलं, वाऱ्यापलीकडची उलांडी पाण्याखाली गेली, दुसरी हवेत उभी राहिली आणि होडी पान उलटावं तशी उलटली. मी दुर्बिणीतून तिचं पांढरं पोट पाहिलं. आमिषवाला म्हणाला, "गेली."

मी फोन काढला. नंबर लागेना. शेवटी बंदराच्या कचेरीतला माणूस म्हणाला की सुटकेची बोट पलीकडच्या किनाऱ्याला गेलीय, लगेच वळवतो, किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. मी आमिषवाल्याला म्हटलं, "तुमची होडी आहे ना, काढा की." तो म्हणाला, "ताई, या लाटांत ती काढली तर आणखी एकाला शोधायला लागेल." मी त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

दुर्बिणीत दोन नारिंगी जॅकेटं दिसली. वहिनी होडीच्या जवळ पडली होती, दादा बराच लांब. त्याचा उजवा हात काही हलत नव्हता. डोलकाठी पडताना खांद्यावर बसली होती, हे नंतर कळलं. वहिनी होडी सोडून सपासप पोहत त्याच्याकडे गेली. वाटलं, ही आहे ना, मग हा बुडत नाही. तिने त्याला जॅकेटच्या पट्ट्याने धरलं आणि ओढत होडीकडे आणू लागली. त्याने डाव्या हाताने तिच्या खांद्याचा पट्टा पकडला होता.

आणि होडी त्यांच्यापासून दूर जात होती. वारा किनाऱ्याला समांतर वाहत होता, खडकाच्या टोकाकडे, आणि त्या टोकापलीकडे नुसता उघडा समुद्र. ती दोघं एक हात पुढे सरकली की होडी दोन हात पुढे जायची. मला ते वरून स्पष्ट दिसत होतं. तिलाही दिसलं असावं, कारण ती थांबली. लाट आली, दोघं खाली गेली, वर आली. दादा काहीतरी बोलत होता, तोंड सारखं उघडत मिटत होतं.

मग वहिनीने आपल्या खांद्यावरचा त्याचा हात धरला आणि बोटं सोडवली.

मी दुर्बीण खाली घेऊन काच पुसली. मला खरंच वाटलं की काचेवर पाणी आल्यामुळे चुकीचं दिसतंय. पुन्हा लावली. ती त्याच्यापासून दूर जात होती. पाठ त्याच्याकडे, तोंड होडीकडे, हात यंत्रासारखे चाललेले. दादा हात पुढे करून तिच्या मागे पोहायचा प्रयत्न करत होता, एका हाताने, गोल गोल. ती वळली नाही. मी तिच्या डोक्यावर दुर्बीण रोखून धरली होती, आता वळेल, या लाटेनंतर वळेल, म्हणून. एकदाही वळली नाही.

आमिषवाल्याला नुसत्या डोळ्यांनीही तेवढं दिसत होतं. तो म्हणाला, "बाई माणसाला सोडून होडीच्या मागे गेली?" मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. त्याने पुन्हा विचारलं, "ते तिचे कोण?" मी म्हटलं, "नवरा." तो चुळबुळला आणि टपरीत जाऊन उगाच डबे हलवू लागला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. काटे काढून देणारी, शिडी कोणी धरली म्हणून फोन करणारी ही बाई आणि समोर दिसणारी ती बाई, यांचा मेळ मला लागत नव्हता. आजही कधीकधी लागत नाही.

तलावावरचा तो तमाशा, ते आधी होडी, मला त्या वेळी आठवलंच नाही. आठवलं असतं तरी फरक पडला नसता. काठावर खुर्चीत बसून शिट्टी वाजवणाऱ्याचं बोलणं कोणी इतकं मनावर घेतं का?

दुर्बीण एक आणि माणसं दोन. दादाकडे पाहिलं की होडीचं काय चाललंय ते कळेना, होडीकडे वळवली की दादा लाटांत हरवायचा. ती होडीपाशी पोचली होती. पोटावर चढली, घसरली, पुन्हा चढली. पाण्यात बुडी मारून खाली गेली, शिडाचा बांधलेला दोर सोडायला. ती वर येईना. मी श्वास रोखून धरला होता आणि मनात तिला शिव्याही देत होते, दोन्ही एकदम. ती वर आली, तोंडातून पाणी काढलं, आणि खीळ ओढली. उलांडी दुमडली. दुसरीचा दोर घेऊन ती उभी राहिली आणि मागे झुकली. पलीकडची उलांडी जरा उचलली आणि परत आपटली. पुन्हा झुकली, पुन्हा आपटली. तिसऱ्या खेपेला होडीच फिरली आणि ती दोरासकट पाण्यात गेली.

मला दादा बघायचा होता. दुर्बीण वळवली तर नारिंगी रंग कुठेच नाही. पाणी, पांढरी टोकं, पुन्हा पाणी. मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे शोधत राहिले. मी खाली बसले, धक्क्याच्या ओल्या दगडावर. बसल्यावर तर काहीच दिसेना. आमिषवाल्याने मला काखेत धरून उभं केलं.

होडी फिरली होती म्हणजे काय झालं होतं, ते तिने माझ्या आधी ओळखलं. आता वारा दुसऱ्या बाजूने येत होता. जी उलांडी ती खेचत होती ती वाऱ्यापलीकडे गेली होती, आणि ती जन्मात उचलली जाणार नव्हती. तिने दुमडलेली उलांडी उघडली, खीळ बसवली, होडीच्या टोकाला वळसा घातला आणि पलीकडची दुमडली. तेवढ्या लाटांत, आधीचं सगळं काम उसवून, पहिल्यापासून. मग दोर घेतला, पाय रोवले आणि अशी मागे झुकली की तिची पाठ पाण्याला टेकली. उलांडी सुटली. वाऱ्याने तिला खालून उचललं, ती भर्रकन वर आली आणि वहिनीच्या डोक्यावरून पलीकडे पडली. पाण्यातून डोलकाठी उभी राहिली, शिडाचं ओलं फडकं तिला लटकलेलं.

"उठली," आमिषवाला म्हणाला.

ती जाळीवरून वर चढली. दुमडलेली उलांडी उघडली, शीड खाली ओढून गुंडाळलं, दोरीला बांधून ठेवलेला कापलेला डबा घेतला आणि पाणी उपसू लागली. ते करतानाही तिने दादाच्या दिशेला पाहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "अगं, बघ ना त्याच्याकडे." ऐकू जाणार नाही हे कळत असूनही ओरडले. होडी थोडी हलकी झाली तेव्हा कुठे तिने वल्हं उचललं, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि पहिल्यांदा मान वर केली.

पुढचं मला सलग आठवत नाही. शिट्टी ऐकू आली, दादाच्या जॅकेटची, वाऱ्यावर तुटक तुटक. ती त्या आवाजाकडे वल्हवत होती. नारिंगी ठिपका एका लाटेच्या माथ्यावर दिसला, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी अलीकडे. ती त्याच्यापाशी पोचली, होडी आडवी केली, जॅकेटच्या दोन्ही पट्ट्यांना धरून त्याला जाळीवर ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. मग ती स्वतः पाण्यात पाय सोडून बसली आणि लाटेबरोबर त्याला वर घेतलं. तो जाळीत पडून राहिला आणि ती वल्हवत राहिली. सुटकेची बोट आली तेव्हा दोघं खडकाच्या टोकाच्या अलीकडे होती. बोटीवरच्या माणसाने नंतर मला सांगितलं, होडी सरळ नसती तर त्यांना ती लाटांत दिसलीच नसती, डोलकाठी दिसली म्हणून ते तिकडे वळले.

धक्क्याला बोट लागली. मी दादाकडे धावले. ओठ निळे पडलेले, खांदा भलत्याच जागी. मी त्याला धरून रडले. वहिनी पायरीवर बसली होती, कोणीतरी तिच्या अंगावर टॉवेल टाकला होता. तिच्या तळहातांची साल निघाली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

इस्पितळात दादाचा खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि चार दिवसांनी घरी सोडलं. लोक येऊन वहिनीचं कौतुक करून जायचे. ती चहा करायची आणि आत जायची. दादा सगळ्यांशी बोलायचा, हसायचासुद्धा, पण तिच्याशी एक अक्षर नाही. गळ्यातली झोळी सैल झाली की ती बांधायला तो मला फोन करून बोलवायचा, बायको बाजूच्या खोलीत असताना. मी दुकान बंद करून जायचे. मला त्यात एक प्रकारचं समाधान वाटत होतं, हेही सांगून टाकते. वहिनीनेही त्याच्या मागे मागे करणं सोडून दिलं होतं. ताट ठेवायची आणि मशिनवर जाऊन बसायची. घरात असा सन्नाटा की रस्त्यावरच्या सायकलीची घंटा दचकवायची.

एकदा मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती फाटलेलं शीड पसरून बसली होती.

"मी दुर्बिणीतून सगळं पाहिलंय," मी म्हटलं. "तू त्याची बोटं सोडवलीस."

"हो," ती म्हणाली. "आधी अंगठा. अंगठा सुटला की बाकीची धरत नाहीत."

मी तिच्याकडून रडण्याची वाट पाहत होते, माफीची, निदान एखाद्या सबबीची. ती टाचण्या लावत होती.

"तो काय म्हणत होता तेव्हा?"

"जाऊ नकोस म्हणत होते. सारखं तेच." तिने एक टाचणी ओठांतून काढली. "तलावावर कधी म्हणाले नव्हते."

मी तिथून निघाले ती थेट दुकानात. दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीच्या फ्रेमा दाखवत होते. या घरात आता काही उरलं नाही, ही दोघं एकमेकांची झाली ती झाली, आता नाहीत, असं मला पक्कं वाटायला लागलं. आणि त्याची मला भीती वाटली, कारण माझंही घर तेच आहे.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. म्हणजे वहिनीने बोलावलं. तिघं टेबलाशी बसलो. दादा डाव्या हाताने कसंबसं जेवत होता. मी हवापाण्याचं काहीतरी बडबडत होते, कोणी ऐकत नव्हतं. अचानक दादाने चमचा खाली ठेवला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "सोडलंस त्याबद्दल मी बोलणार नाही. मीच शिकवलं होतं. पण एकदा तरी मागे वळून बघायचं होतंस. मी बघत होतो, तू वळतेस का."

वहिनी जेवायची थांबली नाही. तोंडातला घास संपवला, पाणी प्यायली.

"बघितलं असतं तर परत आले असते," ती म्हणाली. "मग दोघंही गेलो असतो. आणि मला ते चाललं असतं. ते मला कळलं होतं, तिथे पाण्यात. म्हणून नाही बघितलं."

दादा तिच्याकडे पाहतच राहिला. इतकी वर्षं मी या बाईला हसत होते, आणि ती कोण आहे ते मला माहीतच नव्हतं. दादालाही नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. मग त्याने गळ्यातल्या झोळीची गाठ चाचपली, ती सुटायला आली होती. मी सवयीने उठायला लागले. त्याने डावा हात करून मला बसवलं, खांदा तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "एवढी बांधून देतेस?"

"थांबा," वहिनी म्हणाली, "आधी माझं जेवण होऊ दे."

आणि तिचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघं भावंडं थांबून राहिलो.